बाळंतपण कोण करणार? बाळंतिणीभोवती माणसे उभी करण्याची पायरीवार आखणी

मराठीत 'बाळंतपण करणे' हे काम बाळंतिणीचे नसते, ते दुसरे कोणीतरी तिच्यासाठी करते. 'माझी दोन्ही बाळंतपणे आईने केली' असे आपण सहज म्हणतो, आणि त्या एका वाक्यात सव्वा महिन्याचा स्वयंपाक, शेक, मालिश, रात्रीची जागरणे, आल्यागेल्याचे चहापाणी आणि रडणाऱ्या लेकीच्या पाठीवरचा हात एवढे सगळे आलेले असते. आज हे सारे बहुतेक घरांत साठी ओलांडलेल्या एकाच बाईवर येऊन पडते, आणि काही घरांत तर कोणावरच नसते.

आमच्या सोसायटीत आणि नात्यात बाळंत झालेल्या मुलींसाठी मदत जुळवताना मला एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली आहे. पाळणा, दुपटी, डिंक, अळीव हे सगळे आठव्या महिन्यात घरात येते. पण कोणत्या वारी कोणी काय करायचे, हे मूल घरी आले तरी ठरलेले नसते. पुढील पायऱ्या ती चूक टाळण्यासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण आधीची पायरी झाल्याशिवाय पुढची नीट होत नाही. सुरुवातीला दोनशे पानी एक वही घ्यावी. मोबाइलमधल्या नोंदी घरातल्या सगळ्यांना दिसत नाहीत, वही दिसते.

पायरी 1. सातवा महिना: आधी कामे लिहावीत, माणसे नंतर

बहुतेक घरांत चर्चा 'कोण येणार' इथून सुरू होते. आई येते, मावशी येते, आणि आल्यावर कळते की दोघी दिवसभर स्वयंपाकघरात आहेत आणि रात्री बाळंतिणीजवळ कोणीच नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चोवीस तासांची कामे लिहावीत. नवजात बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा अंगावर पिते. पाजणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि पुन्हा निजवणे यांना प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास धरला, तर बाळंतिणीचे किमान चार आणि पुष्कळदा आठ-नऊ तास एवढ्यातच जातात. उरलेल्या वेळात तिने झोपायचे, जेवायचे, अंघोळ करायची आणि टाके भरू द्यायचे असतात. हा हिशेब घरातल्या पुरुषांनी स्वतः मांडावा असा माझा आग्रह असतो, कारण तो मांडल्यावर 'दिवसभर घरीच तर असते' हे वाक्य बहुधा पुन्हा ऐकू येत नाही.

कामांचे सात रकाने करावेत: रात्र, स्वयंपाक, कपडे व भांडी, दार, बाहेरची कामे, घरात असल्यास मोठे मूल, आणि ऐकणे. शेवटचा रकाना लोक हटकून गाळतात.

माहेर की सासर, हेही याच महिन्यात ठरवावे. निर्णय रीतीवर किंवा मानपानावर सोडू नये, तीन प्रश्नांवर घ्यावा. रात्री दोन वाजता रक्तस्राव वाढला तर किती मिनिटांत दवाखान्यात पोहोचता येईल? दार लावून घेता येईल अशी खोली आहे का? आणि बाळाचा बाप आठवड्यातून किती रात्री तिथे राहू शकेल? हा तिसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. बाप फक्त रविवारी पाहुण्यासारखा येऊन गेला की तीन महिन्यांनी बायको-मूल घरी येतात तेव्हा त्याला बाळाला धरताही येत नाही, आणि सगळा भार पुन्हा तिच्यावरच येतो. माहेर दुसऱ्या गावी असेल तर दोन्हीकडच्या आशा ताईंना आधी कळवावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते आणि त्यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. प्रकृती ठीक असेल तर आधीची रजा बेतानेच घ्यावी, कारण आधी घेतलेला प्रत्येक आठवडा नंतरच्या रजेतून कमी होतो. खासगी नोकरीतल्या पुरुषाला पितृत्वरजा देणारा कायदा नाही. म्हणून नवऱ्याने आपल्या हक्काच्या रजा आतापासून साठवाव्यात आणि त्या सगळ्या बारशासाठी खर्च करू नयेत.

पायरी 2. आठवा महिना: प्रत्येक कामाला नाव आणि वार

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि तिच्यातच सर्वाधिक चुका होतात.

'काही लागलं तर सांग हं' हे वाक्य मनापासून म्हटले जाते, परंतु ते मदत नव्हे. ओल्या बाळंतिणीने आपल्याला काय हवे ते ओळखायचे, कोण मोकळे आहे ते आठवायचे, भीड मोडायची आणि मग फोन करायचा, अशी चार कामे ते वाक्य तिच्यावरच टाकते. त्यामुळे ती सांगत नाही, आणि सांगितले नाही म्हणजे काही लागत नसेल असा समज होतो. माझ्या पहिल्या खेपेला माझ्या फोनमध्ये असे म्हणणाऱ्या सतराजणी होत्या, आणि तिसऱ्या आठवड्यात मी उभ्याने कोरडी पोळी खात होते.

उपाय असा की मागणे इतके नेमके असावे की समोरच्याला फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणावे लागेल. उदाहरणार्थ: 'काकू, बुधवारी आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत वरणभात आणि एक पालेभाजी दोन माणसांपुरती द्याल का? तिखट बेताचे. डबा न्यायला दिनेश येईल आणि धुऊन परत देईल.' किंवा: 'वहिनी, मोठीला शाळेच्या बसपर्यंत पहिले तीन आठवडे तुम्ही सोडाल का?' लोक नाही म्हणतील ही भीती बहुधा खोटी ठरते. नेमके काम सांगितले की माणसांना बरे वाटते. मागणे बाळंतिणीने स्वतः करू नये, तिच्या वतीने नवऱ्याने, नणंदेने किंवा मैत्रिणीने करावे.

डोहाळजेवणाचा दिवस यासाठी उत्तम. ओटी भरायला आलेल्या बायकांसमोर सव्वा महिन्याचे वार लिहिलेला कागद ठेवावा आणि ज्यांना जमेल त्यांनी आपले नाव घालावे. बाळंतविडा म्हणून येणाऱ्या पंधराव्या अंगड्या-टोपड्याऐवजी डबा किंवा दोन तासांची सोबत मागण्यात काहीही कमीपणा नाही.

रकान्यांपैकी तीन जागा विचारपूर्वक भराव्यात.

रात्रीचा माणूस. ज्या आईला मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी आहे तिला रात्र देऊ नये. रात्रीचे दोन भाग पाडावेत, दहा ते तीन आणि तीन ते सात, आणि त्यांतला एक भाग बापाचा असावा. त्याने बाळ उचलून आणावे, पाजून झाल्यावर ढेकर काढावी, लंगोट बदलावा आणि बाळाला निजवावे. पाजणे सोडून या कामांत असे एकही नाही जे पुरुषाला करता येत नाही.

दाराचा माणूस. 'ती आत्ताच झोपली आहे, बाळाला सव्वा महिन्यानंतर बघा' हे न रागावता आणि न लाजता म्हणू शकणारी व्यक्ती निवडावी. सासरे हे काम फार चांगले करतात असा माझा अनुभव आहे, कारण त्यांचा शब्द सहसा कोणी ओलांडत नाही.

ऐकणारी. ही शक्यतो आई किंवा सासू नसावी. त्या दोघी स्वतः थकलेल्या असतात, आणि 'मला हे बाळ नको वाटतं' असे लेकीच्या तोंडून ऐकणे आईला सोसत नाही. गेल्या तीन-चार वर्षांत स्वतः बाळंत झालेली मावसबहीण, मैत्रीण किंवा शेजारीण योग्य. तिच्याशी आधीच दोन गोष्टी ठरवाव्यात. फोन तिनेच करायचा, तोही तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी व नंतर दर आठवड्याला. आणि तिला काळजी वाटली तर तिने नवऱ्याला व डॉक्टरांना सांगायचे, याला बाळंतिणीची आताच संमती असावी.

सावधान: आई आणि सासू यांना एकाच वेळी बोलावू नये. दोघींचे प्रेम खरे असते, पण अळीव कधी द्यायचे आणि बाळाला कितीदा न्हाऊ घालायचे यावरून दोन मते निघतात आणि निवाडा बाळंतिणीने करायचा असतो. तीन-तीन आठवड्यांच्या पाळ्या लावाव्यात. मालिशवाली बाई ठेवणार असाल तर पैसे, वेळ आणि सुट्टीचे दिवस आधी ठरवावेत. सर्दी-खोकला असेल तेव्हा यायचे नाही आणि बाळाच्या छातीला हात लावायचा नाही, हेही स्पष्ट सांगावे. नवजात बाळाच्या छातीतून दूध 'पिळून काढण्याची' रीत अजून आहे आणि तिने गळू होऊ शकते.

पडताळणी: नवव्या महिन्याच्या सुरुवातीला वही उघडून पाहावी. प्रत्येक रकान्यात नाव, वार आणि ती व्यक्ती आजारी पडल्यास पर्यायी नाव आहे का? 'सगळे मिळून करू' असे जिथे लिहिले असेल तो रकाना रिकामा समजावा.

पायरी 3. दवाखान्यातून निघण्यापूर्वीचा तास

घरी जाण्याच्या घाईत हा तास बिलात आणि फोटोंत जातो. एका माणसाने फक्त पुढील गोष्टी पाहाव्यात. बाळ कसे पिते ते सिस्टरना एकदा शेजारी बसवून दाखवावे. बाळंतिणीला लघवी नीट होते आहे का, टाक्यांची काळजी कशी घ्यायची, रक्तदाब आज किती होता आणि पुन्हा केव्हा मोजायचा, हे विचारून वहीत लिहावे. बाळाला बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बीच्या लसी दिल्याची नोंद घ्यावी. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर 180 दिवस घ्यायच्या असतात; बहुतेक घरांत त्या गरोदरपणाबरोबर बंद होतात. रात्री काही झाले तर कोणत्या दाराने यायचे आणि कोणाला फोन करायचा, तेही लिहून घ्यावे. सरकारी रुग्णालयातून घरी सोडायला 102 क्रमांकाची गाडी मोफत मिळते, आणि तातडीसाठी 108.

रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशा ताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी बाळाला व आईला पाहायला येतात. त्यांना 'आमच्याकडे सगळे ठीक आहे' असे दारातून सांगून परत पाठवणे ही शिकलेल्या घरांतली चूक आहे. बाळाचे वजन करू द्यावे, आणि दहा मिनिटे बाळंतिणीला त्यांच्याशी एकटीला बोलू द्यावे.

पायरी 4. पहिले दहा दिवस: जे आधी सांगितले जात नाही ते सांगून ठेवावे

बाळंतिणीला घाबरवू नये म्हणून पुष्कळ गोष्टी तिला सांगितल्या जात नाहीत. मग त्या घडतात तेव्हा आपल्यालाच काहीतरी झाले आहे असे तिला वाटते. म्हणून नवव्या महिन्यात कोणीतरी तिला, आणि तिच्या नवऱ्यालाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

अंगावरून जाणे चार ते सहा आठवडे चालते; आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळट-पांढरे. बाळाला पाजताना गर्भाशय आकसते आणि पोटात कळ येते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती अधिक जोरात येते. रात्री घामाने कपडे भिजतात. टाक्यांमुळे पहिल्यांदा शौचाला जाण्याची भीती वाटते, म्हणून पाणी आणि भाज्या कमी पडू देऊ नयेत. खोकताना, शिंकताना लघवीचे थेंब येतात. सिझेरियन झालेल्या बाईला कुशीवर वळायलाही कोणाचा तरी हात लागतो, आणि बाळापेक्षा जड काही तिने उचलायचे नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दाटून दगडासारखी होते, आणि साधारण त्याच सुमारास काही कारण नसताना रडू कोसळते. त्या दिवशी घरात पाहुणे नसावेत. शक्य असेल तर नवऱ्याने तो दिवस रजेचा ठेवावा.

याच दिवसांत भेटायला आलेली कोणीतरी म्हणते, 'दूध पुरत नाही वाटतं हिला.' या एका वाक्याने जेवढी बाळे बाटलीवर गेली असतील तेवढी खऱ्या कारणांनी गेली नसतील असे मला वाटते. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक चमच्यांतच मोजावा एवढा असतो आणि तेवढाच पुरतो. दूध पुरते की नाही हे छातीकडे पाहून ठरत नाही. सहाव्या दिवसापासून बाळाला चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा शू होते का, आणि जन्मानंतर थोडे उतरलेले वजन दोन आठवड्यांच्या आत पुन्हा जन्मवजनाला येते का, हे पाहावे. ते होत नसेल तर डॉक्टर किंवा स्तनपान सल्लागार यांना दाखवावे. घुटी, साखरपाणी, साधे पाणीसुद्धा पहिले सहा महिने देऊ नये, आणि मध तर वर्षभर नको. डॉक्टरांनी वैद्यकीय कारणाने वरचे दूध सांगितले तर ते द्यावे, आणि त्यावरून तिला कोणी एक शब्दही बोलू नये.

सावधान, आईसाठी: एका तासात एक पूर्ण पॅड भिजणे किंवा लिंबाएवढ्या गाठी पडणे, 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटका, एका पायाच्या पोटरीत सूज व दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. रक्तदाब प्रसूतीनंतरही सहा आठवड्यांपर्यंत वाढू शकतो. 'आता बाळंत झाली, धोका टळला' हा समज जीवघेणा आहे.

सावधान, बाळासाठी: दूध पिणे सोडणे, अंग गार पडणे किंवा तापणे, मिनिटाला 60 पेक्षा अधिक श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, झटका, नाळेतून पू किंवा आजूबाजूला लाली, तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा. उन्हात धरणे हा काविळीवरचा उपचार नव्हे.

पायरी 5. सव्वा महिना: रीत ठेवावी, पण निवडून

मी रीतींच्या विरुद्ध नाही. सव्वा महिना चुलीपासून सुटका, गरम ताजे अन्न, अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, बाळंतशेपा, अंगाला तेल, हे सगळे ठेवण्यासारखे आहे. त्यात विश्रांती आहे, आणि कोणीतरी आपल्यासाठी रांधते आहे ही जाणीवही आहे.

बदलायच्या गोष्टी थोड्या आहेत. सिझेरियननंतर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोट दाबून मालिश करू नये आणि पोट घट्ट बांधू नये. खोलीत राहण्याचा अर्थ दिवसभर पडून राहणे असा घेऊ नये. घरातल्या घरात थोडे चालण्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. जेवण केवळ तूपभात आणि मेतकूट एवढेच नसावे. डाळी, पालेभाज्या, फळे आणि घरात चालत असल्यास अंडी, मासे हवेत.

सोडून द्यायच्या गोष्टींबाबत मात्र तडजोड करू नये. पाणी कमी पाजणे, बाळाच्या डोळ्यांत काजळ, कानानाकात तेल, नाळेला राख किंवा हळद, आणि बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी. ओवा-शेपाची धुरी सुवासिक असली तरी दारे-खिडक्या लावून पेटवलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडतो, त्याला वास नसतो, आणि धूर नवजात फुप्फुसांना सोसत नाही. शेक हवा असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा द्यावा.

बाराव्या दिवशीचे बारसे मोठे करायचा हट्ट धरू नये. टाके ओले, छाती दाटलेली, अंगावरून जाते आहे, आणि जरीची साडी नेसून चार तास बसायचे. याने एक दिवसाची हौस होते आणि बाळंतीण आठवडाभर मागे जाते. घरच्या घरी नाव ठेवावे, जेवणावळ तिसऱ्या महिन्यात करावी.

पडताळणी: दर संध्याकाळी दाराच्या माणसाने तिला तीनच प्रश्न विचारावेत. आज सलग किती झोपलीस? बसून जेवलीस का? अंघोळ झाली का? सलग झोप तीन तासांहून कमी भरली तर दुसऱ्या दिवशीचे पाहुणे रद्द करून दुपारची झोप पक्की करावी.

पायरी 6. चौदाव्या दिवशीची विचारपूस

पहिल्या आठवड्यातले रडू, चिडचिड, हुरहुर हे फार बायकांना होते आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरते. म्हणून चौदाव्या दिवसाचा फोन चुकवायचा नाही. त्यानंतरही उदासी टिकली, बाळ झोपले तरी हिला झोप येत नसेल, जेवावेसे वाटत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल किंवा सतत भीती वाटत असेल, तर हे प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. ते पहिल्या वर्षभरात केव्हाही सुरू होऊ शकते, आणि उपचारांनी बरे होते. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधे डॉक्टर निवडू शकतात.

विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. 'कशी आहेस?' याला 'बरी आहे' एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ऐकणारीने आधी आपले सांगावे: 'मला दुसऱ्या आठवड्यात वाटायचं की कुठेतरी निघून जावं. तुला असं काही होतं का?' मग गप्प बसावे. ती सांगू लागली की 'अगं, सगळ्यांना होतं', 'बाळाकडे बघ म्हणजे बरं वाटेल', 'आमच्या वेळी तर' यांपैकी एकही वाक्य उच्चारू नये. नंतर सरळ विचारावे: 'स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?' हा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलेला विचार बाहेर येतो.

काही गोष्टी बायका अनेक वर्षे कोणालाच सांगत नाहीत. बाळ पहिल्यांदा हातात घेतल्यावर प्रेम दाटून आले नाही, परकेपणा वाटला; प्रेम काही आठवड्यांनी आले. बाळ हातातून पडेल, आपणच त्याला इजा करू, असे चित्र अचानक डोळ्यांपुढे येते आणि त्या चित्राची किळस येते. मुलगी झाली म्हणून घरातली जी शांतता ऐकू आली ती विसरता येत नाही. नवऱ्याच्या शांत झोपेचा राग येतो. यांपैकी नको असलेली भीतिदायक चित्रे पुष्कळ आयांना येतात, आणि ज्या आईला त्यांची भीती वाटते ती बहुधा तसे करत नाही; पण ती वारंवार येऊन झोप उडवत असतील तर उपचार घ्यावेत. मुलगी झाल्यावरून होणारी बोलणी थांबवणे मात्र डॉक्टरांचे नव्हे, घरातल्या वडीलधाऱ्यांचे काम आहे, आणि ते पहिल्याच दिवशी, सर्वांसमोर करावे.

सावधान: ती झोपेशिवाय असूनही अतिउत्साही असेल, असंबद्ध बोलत असेल, तिला आवाज ऐकू येत असतील, बाळाबद्दल विचित्र समजुती बोलून दाखवत असेल, तर ही मानसिक आणीबाणी आहे. हजारात एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, असे होते. तिला आणि बाळाला एकटे सोडू नये, देवऋषी-अंगाऱ्यात वेळ घालवू नये, त्याच दिवशी मानसोपचार विभाग असलेल्या रुग्णालयात न्यावे. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक वहीच्या वेष्टणावर लिहावा.

पायरी 7. सहाव्या आठवड्याची तपासणी

लस देण्यासाठी बाळाला नेले जाते आणि आईची तपासणी राहून जाते. दोन्ही एकाच दिवशी कराव्यात. टाके, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीवरचा ताबा आणि मन, या पाचही गोष्टींबद्दल तिने डॉक्टरांशी एकटीने बोलावे. शरीरसंबंध केव्हा, हा निर्णय तिच्या दुखण्याचा आणि इच्छेचा आहे; सव्वा महिना संपला म्हणून तिची संमती गृहीत धरू नये. 'अंगावर पाजते म्हणजे दिवस जात नाहीत' हा भरवसा तीन अटी एकत्र असतील तरच: बाळ सहा महिन्यांच्या आतले, केवळ आईच्या दुधावर, आणि पाळी अजून न आलेली. एक अट मोडली की दुसरे साधन हवे, आणि ते या भेटीतच ठरवावे.

पायरी 8. सव्वा महिन्यानंतर: माणसे पांगतात तेव्हा

खरा एकटेपणा इथून सुरू होतो, आणि बहुतेक आखण्या इथेच संपतात. आई गावी परतते, नवरा कामावर जातो, डबे थांबतात, बाळ मात्र रात्रीचे उठतच असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठमूठ केस गळतात आणि नेमके तेव्हाच लोक म्हणतात, 'आता सगळं सुरळीत ना?' म्हणून मदत एकदम तोडू नये. आठवड्याला चार डबे असतील तर सातव्या आठवड्यात तीन, नवव्यात दोन, आणि एक डबा सहाव्या महिन्यापर्यंत चालू ठेवावा. आईने बाळंतपण केले असेल तर परत गेल्यावर तिचीही तपासणी करून घ्यावी. त्या दोन महिन्यांत तिने स्वतःच्या गोळ्या चुकवलेल्या असतात.

याच टप्प्यावर दुसरे वर्तुळ जोडावे: साधारण त्याच वयाची बाळे असलेल्या चार-पाच आयांचे. जागा आणि वेळ कायमची ठरवावी, म्हणजे दर वेळी विचारावे लागत नाही. सोसायटीचे सभागृह, देवळाचा सभामंडप, अंगणवाडी, कोणाचीही ओसरी चालेल. मंगळवारी सकाळी अकरा म्हणजे अकरा, एक जरी आली तरी. नियम तीन असावेत. बाळांच्या वजनाची तुलना करायची नाही. कोणी कोणाला औषध सुचवायचे नाही. आणि जिच्या घरी जमायचे तिने घर आवरायचे नाही, चहाही दुसरीने करायचा. पहिल्या दोन भेटी अवघडल्यासारख्या जातात. तिसऱ्या भेटीत कोणीतरी रडते, आणि तिथून वर्तुळ जमते.

परदेशात असलेल्या मराठी मुलींनी हे वर्तुळ प्रसूतीच्या आधीच शोधावे, कारण तिथे शेजारीण आपण होऊन दार वाजवत नाही. आई-सासूंच्या मुक्कामाच्या पाळ्या एकमेकींना जोडून लावाव्यात, एकत्र नव्हे, आणि दोघींचा आरोग्यविमा आधी काढावा. जवळच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या आणि दिवाळीच्या कार्यक्रमांपलीकडे, नुकत्याच आई झालेल्या कोण आहेत असे थेट विचारावे. तिथल्या दवाखान्यांतल्या प्रसूतिपश्चात गटांत भाषेच्या संकोचाने जाणे टाळू नये. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने मिळणारी 12 आठवड्यांची रजा बिनपगारी असते, म्हणून तिथे पैशांची आखणी पहिल्या पायरीतच करावी.

नोकरीवर परतणाऱ्या आईने तयारी महिनाभर आधी सुरू करावी. दूध काढून ठेवण्याची सवय, बाळाला वाटी-चमच्याने किंवा पळीने पाजणारी दुसरी व्यक्ती, आणि आधी तासभर, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस असा सराव. काढलेले दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस राहते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते लगेच फ्रिजमध्येच ठेवावे. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत दोन स्तनपान-विराम मिळण्याचा हक्क आहे, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. हे तोंडी मागू नये, लेखी मागावे.

सहावा महिना भरला, बाळाला वरचे अन्न सुरू झाले, की एक संध्याकाळ नवरा-बायकोने वही पुढ्यात घेऊन बसावे. कोणता रकाना रिकामा राहिला, कोणाच्या डब्याने खरोखर जीव वाचला, कोणाला उगीच दोनदा सांगावे लागले, हे समासात लिहावे. मग नात्यातल्या किंवा इमारतीतल्या ज्या मुलीला सातवा महिना लागला असेल तिच्यासाठी नवी वही आणून तिच्यात ते सात रकाने आखावेत, स्वयंपाकाच्या रकान्यात एका वारापुढे आपले नाव लिहावे, आणि मगच ती तिच्या हाती द्यावी.